शेवाळावरून घसरून डोक्याला मुका मार: महिन्यानंतरही भोवळ जात नसेल तर

पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि माणूस उताणा आपटतो. सीटी स्कॅन नॉर्मल येतं, तरी डोकं जड, उजेड-आवाज सोसवत नाही. हे ढोंग नव्हे. बिघाड मेंदूच्या कामात असतो, तो स्कॅनमध्ये दिसत नाही. (पुन्हापुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, आकडी (फिट), गुंगी दिसली तर मात्र तडक इस्पितळ.)

सर्वांत मोठी चूक म्हणजे महिनाभर काळोख्या खोलीत निजून राहणं. विश्रांती हवी ती पहिले 24 ते 48 तास. मग चालायचं. ओहोटीला पुळणीवरची ओली, घट्ट वाळू बरी. कोरडीत पाय रुततो, तोल जातो. सुरुवात 10 मिनिटांनी, ऊन चढायच्या आत. निघण्याआधी त्रासाला 0 ते 10 पैकी आकडा द्या. चालताना तो 2 ने वाढला की थांबा. तासाभरात उतरला तर उद्या तेवढंच, नाही उतरला तर कमी.

कूस बदलताना घर गरगरतं आणि मिनिटभरात थांबतं? बहुधा आतल्या कानातले, तोल सांभाळणारे बारीक कण जागचे हललेले असतात. त्यावर गोळ्या घेत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एप्लीची क्रिया (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण जागी नेणं) करून घ्या. मान आखडली असेल तर फिजिओथेरपी.

वेदनाशामक महिन्यात 15 दिवस किंवा जास्त घेतलं तर गोळीच डोकं दुखवू लागते. घरात काळा चष्मा नको, डोळे आणखी हळवे होतात. आणि माडावर चढणं, होडी, स्कूटर डॉक्टर सांगेपर्यंत बंदच.