दानाच्या भाजीची उन्हाळी बाग: सांगलीच्या काळ्या मातीत पाणी कसं द्यावं

आधी स्वयंपाकघर गाठा, बियाणाचं दुकान नंतर. ज्या वृद्धाश्रमाला किंवा वसतिगृहाला भाजी द्यायची आहे, तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा: कोणती भाजी चालते, कोणत्या वारी लागते आणि किती लागते. माणशी 100 ग्रॅम धरले तरी 40 ताटांना 4 किलो भाजी हवी. तुम्ही दीड किलो भेंडी घेऊन गेलात तर त्या मावशी हसतमुखानं ठेवून घेतील, पण ती त्यांच्या कामाची नसते. म्हणून दहा भाज्यांची चार-चार रोपं लावायचा मोह टाळा. तीन-चार भाज्या निवडा आणि त्याच भरपूर लावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि माठ या भरवशाच्या. मेथी, पालक, कोथिंबिरीच्या नादाला मार्चनंतर लागू नका, ऊन तापलं की त्या पटकन फुलावर येतात. दोडका, काकडी फेब्रुवारीतच टोका. उशीर झाला तर कडक उन्हात नर फुलंच जास्त धरतात आणि मांडवभर वेल असूनही पाटी रिकामी राहते. बाकीची पेरणी शिमग्याच्या आत उरका. माठ मात्र एकदम पेरू नका, दर दहा दिवसांनी एक वाफा पेरा.

सरी-वरंबे पाडणं, भेंडीचं बी रात्रभर भिजवणं यावर शब्द घालवत नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

आता पाणी. काळ्या मातीतल्या अशा बागा पाण्यावाचून कमी आणि जादा पाण्यानं जास्त गेलेल्या मी बघितल्यात. कारण साधं आहे. सेवेला आलेल्या प्रत्येकाला काहीतरी करायचं असतं. खुरपणीनं कंबर धरते, पाइप हातात धरायला सोपा. सकाळी एक जण पाणी देऊन जातो, संध्याकाळी दुसरा येतो आणि वरची माती सुकलेली बघून पुन्हा देतो. दोघांचाही हेतू चांगला असतो, पण आठ-पंधरा दिवसांत पानं पिवळी पडायला लागतात. मग तिसरा म्हणतो, पाणी कमी पडतंय.

'उन्हाळ्यात रोज थोडं थोडं पाणी द्या' हा सल्ला कुंड्यांसाठी ठीक आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीसाठी तो चुकीचा आहे. ही माती पाणी धरून ठेवते. वरून रोज शिंपडलं तर दोन बोटं माती ओली होते, मुळं तिथंच घोटाळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड मान टाकतं. सरीत रोज सोडलं तर खाली चिखल राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बोअरचं पाणी जड असेल तर वर पांढरा थरही दिसायला लागतो. अति पाण्यानं वाळवा, मिरज, पलूसकडच्या उसाच्या जमिनी कशा क्षारपड झाल्या ते आपण सगळे बघतोच. छोट्या वाफ्यातही तेच घडतं.

पाणी द्यायचं ते वाफसा बघून. वरंब्याच्या कडेला खुरप्यानं वीतभर खोल उकरा आणि तळातली मूठभर माती घ्या. मूठ आवळा. हाताला चिकटली, बोटांचे ठसे चकचकीत उमटले, तर आज पाणी नाही. लाडू वळला आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर भुसभुशीत फुटला, तर तो वाफसा. तेव्हाही पाणी नाही, खुरपणी करा. लाडू वळेनासा झाला की मग पाणी द्या, आणि द्याल तेव्हा सरी भरून द्या. एवढं केलं तर काळ्या जमिनीत ऐन एप्रिलमध्येही साधारण पाच-सहा दिवसांचं अंतर पडतं.

उलट टोकालाही जाऊ नका. जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबलात तर आकसणारी माती बारीक मुळं तोडते आणि नंतर दिलेलं पाणी भेगांतून थेट खाली जातं.

दुपारी दीड वाजता दोडक्याची पानं मलूल दिसली म्हणून पाइप उचलू नका. एवढ्या उन्हात पान कोमेजणारच. सकाळी सात वाजता बघा. तेव्हाही ते लोंबत असेल तर मूठ आवळून बघा आणि मग ठरवा.

याला अपवाद पहिल्या आठ-दहा दिवसांचा. लागणीचं पाणी, तीन-चार दिवसांनी हलकी आंबवणी (म्हणजे दुसरं पाणी), आणि बी वर येईपर्यंत माती ओलसर. त्यानंतर मुळांना खाली जायला भाग पाडा.

पाण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. तो गावाला गेला तर दुसऱ्याचं नाव आधी ठरलेलं असू दे. पाण्याच्या कॉकजवळ वही बांधा आणि कोणती सरी कधी भरली ते तारखेनिशी लिहा. बाकीच्यांना खुरपणी, तोडणी, बांधणी अशी कामं आधीच नेमून द्या, म्हणजे मोकळे हात पाइपकडे जात नाहीत.

रोपं वीतभर झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, अंथरा. ऊसतोड चालू असतेच, शेतकऱ्याला पेटवू नका म्हणून सांगा आणि टेम्पो भरून आणा. चार बोटं जाडीचा थर पुरे, बुंध्यापासून थोडा लांब. पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर आणखी दोन दिवसांनी वाढतं. कोरडं पाचट मातीत मात्र मिसळू नका, ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं. वाळवी दिसली तर तेवढा भाग उघडा करा.

भेंडी एक दिवसाआड तोडायचीच. तोड चुकली तर निबर होते आणि झाड नवीन फळ धरायला कुचराई करतं. तोडणी उजाडताच करा, ओल्या गोणपाटाखाली झाका आणि नऊच्या आत पोचती करा. माठाच्या जुड्या मुळं कापून, माती झटकून द्या. 40 माणसांची पालेभाजी निवडायला तिथं दोनच हात असतात.

पंचांग बघून तोड ठरवा. एकादशीला वृद्धाश्रमात भाजी नेऊ नका, निम्मी माणसं उपासाला असतात. त्या आठवड्यात तोड एक दिवस अलीकडे घ्या आणि मावशींना आदल्या संध्याकाळी फोन करून वजन सांगा.