टायटॅनियमच्या नमुन्यात ट्विन दिसले? आधी या चुका तपासा

“पाचशे अंशांना दाबलेल्या नमुन्यात ट्विनच ट्विन आहेत,” असं म्हणत कुणी सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो पुढे केला (ट्विन म्हणजे ग्रेनमधला, आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटलेला पट्टा; ग्रेन म्हणजे धातूतला एकेक स्फटिक) की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पॉलिश कोणी केलं आणि किती वेळ केलं?

शुद्ध टायटॅनियमची रचना 882 अंश सेल्सिअसपर्यंत षट्कोनी असते. त्यात प्रिझमॅटिक स्लिप (षट्कोनी प्रिझमच्या बाजूंच्या पातळ्यांवर अणूंचे थर एकमेकांवरून सरकणं) सहज होते, पण ती सी अक्षाच्या, म्हणजे प्रिझमच्या उंचीच्या, दिशेने धातूला ताणू किंवा दाबू शकत नाही. ती उणीव कमी तापमानात ट्विन भरून काढतात. द्रव नायट्रोजनच्या उणे 196 अंशांना ते खच्चून भरलेले दिसतात. तापवत नेलं की सी अधिक ए प्रकारची, म्हणजे सी अक्षाच्या दिशेनेही सरकणारी, स्लिप सोपी होत जाते आणि चारशे-पाचशे अंशांच्या आसपास ट्विन विरळ होतात. म्हणून पाचशेच्या नमुन्यात गर्दी दिसली, की शोध लागला असं मानण्याआधी आपल्या हाताचं काम तपासावं.

एका विद्यार्थ्याने असाच नमुना आणला होता. बारीक, सरळ, जुडग्यांनी उभ्या सुया. आलेख तयार होता, प्रबंधाचं प्रकरणही लिहून झालं होतं. मी त्याला त्याच सळईचा एक तुकडा दिला, ॲनील केलेला (तापवून आतला ताण घालवलेला), कधीच न दाबलेला. दोन्ही तुकडे एकाच साच्यात बसवून त्याच्याच पद्धतीने घासायला सांगितले. न दाबलेल्या तुकड्यातही तशाच सुया निघाल्या! तो 320 च्या एमरी पेपरवरून थेट 1200 वर गेला होता, पेपर झिजलेला होता आणि वेळ वाचावा म्हणून हाताचा जोर वाढवला होता. टायटॅनियम हे सहन करत नाही. घासतानाच पृष्ठभागाखाली ट्विन तयार होतात. मग प्रत्येक पायरीला नवा पेपर, हलका हात, शेवटी कोलॉइडल सिलिका आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर तासाभराहून जास्त वेळ. सुया गेल्या. उरले ते चपटे ग्रेन आणि त्यांच्या आत हळूहळू बदलत जाणारी दिशा, म्हणजे स्लिपची खूण. प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक साच्यात एक न दाबलेला तुकडा असतोच. पॉलिशमध्ये वाचवलेला अर्धा तास पुढे महिन्यांनी फेडावा लागतो, हे नवख्यांना कितीही सांगा, पटत नाही.

सुईसारखं दिसलं म्हणून ते ट्विनच, असंही नाही. ते हायड्राइडही (टायटॅनियम आणि हायड्रोजनचं संयुग) असू शकतं. ईबीएसडीवर (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात स्फटिकांची दिशा मोजण्याची पद्धत) सीमेचा कोन बघा: नेहमीच्या ताण-ट्विनचा (सी अक्षाच्या दिशेने ताणणारा) सुमारे 85 अंश, दाब-ट्विनचा (त्या दिशेने दाबणारा) सुमारे 64.

दुसरी चूक तापमानाचीच. फर्नेसच्या पडद्यावरचा आकडा हा फर्नेसचा असतो, नमुन्याचा नव्हे. तांब्याची उष्णतावाहकता 400 वॅट प्रति मीटर केल्विनच्या घरात, तर शुद्ध टायटॅनियमची साधारण 22. गाभा तापायला वेळ लागतो, आणि दाबणाऱ्या मशीनच्या थंड जबड्यांना टेकलेली टोकं लगेच गार होतात. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नमुन्यालाच जोडा. छेद मधून घ्या, कारण जबड्यालगतचा भाग फारसा विरूपितच होत नाही, म्हणजे त्याचा आकार फारसा बदलत नाही. वेगाने दाबलं तर उलटं होतं: विरूपणातून निर्माण झालेली उष्णता बाहेर पडत नाही आणि मधला भाग तुमच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा बराच गरम होतो. म्हणून तापमानाशेजारी विकृतीदर (नमुना किती वेगाने दाबला ते) लिहिला नसेल, तर तो तक्ता मी वाचतच नाही.

क्वेंचला (गरम नमुना पाण्यात झटकन थंड करायला) उशीर नको. सातशे अंशांना दाबलेला नमुना जबड्यात तसाच राहिला, तर विरूपणाच्या खुणा पुसल्या जातात आणि तुम्ही पुनर्स्फटिकीकरण (नवे ग्रेन तयार होणं) मोजत बसता. पाण्याची बादली जवळ ठेवा, हालचालींची रिकाम्या हाताने एकदा तालीम करा.

882 च्या वर रचना षट्कोनी राहत नाही, म्हणून शुद्ध टायटॅनियम 900 अंशांना दाबून थंड केल्यावर दिसणाऱ्या अल्फाच्या (त्याच षट्कोनी रचनेच्या) पट्ट्या या थंड होतानाच्या आहेत, दाबतानाच्या नाहीत.

शुद्ध टायटॅनियमचे ग्रेड 1 आणि ग्रेड 4 एकाच आलेखावर नको. त्यांतल्या ऑक्सिजनची मर्यादा अनुक्रमे 0.18 टक्के आणि 0.40 टक्के, ऑक्सिजन वाढला की ट्विन कमी होतात, आणि श्रेय तापमानाला जातं.

एचिंगच्या (ग्रेन दिसावेत म्हणून पृष्ठभाग रसायनाने हलका खाण्याच्या) द्रावणात हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते त्वचेला घातक आहे; बाटली उघडण्याआधी त्यावर प्रथमोपचार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं. इथे घाई करणाऱ्याला मी प्रयोगशाळेत ठेवत नाही.

आणि थंड प्रयोग करताना नमुना नायट्रोजनमधून काढून मशीनकडे धावू नका. जबड्यांसकट भांड्यात बुडवा, बुडबुडे शांत होईपर्यंत थांबा आणि बुडलेला असतानाच दाबा.