संध्याकाळची शेव आटोक्यात आली ती अशी

शेवेचा डबा समोर आला की हात थांबत नसे. वहीत चार रकाने आखले: वेळ, पदार्थ, भूक (0 ते 10), मनात काय चाललंय. नोंद खाण्याआधीच करायची. नंतर भुकेचा अंदाज चुकतो. कॅलरी मुद्दाम लिहिल्या नाहीत, आकडे आले की लपवाछपवी सुरू होते.

नोंदींतून कळलं, दुपारचं जेवण तोकडं, म्हणून सहाला भूक 8. मग दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नि घट्ट वरण, साडेचारला मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि केळ.

शेव बंद केली नाही. खानदेशात ती भाजीतही लागते, आणि बंदीनं ओढ वाढते. वाटीत काढायची, डबा फडताळात, बसून खायची. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटं लागतात; दुसरी वाटी त्यानंतरच. भूक 2 असूनही हात डब्याकडे गेला, तर बहुधा कंटाळा किंवा ताण असतो.