नॉन-कोडिंग आरएनए आणि डीएनए डॅमेजवर पोस्टडॉक करायचंय? प्रपोजल असं बांधा

सांगलीला सुट्टीवर आलो की पीएचडी संपवत आलेली दोन-तीन पोरं तरी भेटतात आणि प्रश्न ठरलेला, सर कॅन्सरमधल्या नॉन-कोडिंग आरएनएवर पोस्टडॉक करायचंय, प्रपोजल कसं लिहू? म्हणून एकदाच नीट सांगतो.

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे ज्यापासून प्रोटीन बनत नाही तो. असे दहा आरएनए घेऊ नका, एकच घ्या. जीनोमचा 2 टक्क्यांहून कमी भाग प्रोटीनसाठी कोड करतो, बाकीच्यातून हजारो आरएनए निघतात, त्यामुळं सीक्वेन्सिंग केलं की लांबलचक यादी येते आणि माणूस त्यातच अडकतो. आणि एकच घेतला तरी प्रश्न दोन आहेत, ते आधी वेगळे करा. डीएनए तुटल्यावर हा आरएनए वाढतो का? आणि तो काढला तर पेशीचं काय बिघडतं? पहिल्याचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही, इंटरव्ह्यूत नेमकं इथंच धरतात. नोराड हा असाच एक नॉन-कोडिंग आरएनए, त्याचं नावच डीएनए डॅमेजनं वाढतो म्हणून पडलंय, पण त्याचं खरं काम 2016 मध्ये तो काढून बघितल्यावर कळलं, तो प्युमिलिओ नावाच्या, दुसऱ्या आरएनएंना दाबणाऱ्या प्रोटीन्सना अडकवून ठेवतो आणि तो नसला की पेशीतल्या क्रोमोझोमची संख्याच बिघडायला लागते.

सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, विचार करून निवडा. हेला ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लाइन सगळीकडं मिळते, पण तिच्यात एचपीव्ही विषाणूमुळं पी53 (डीएनए तुटल्यावर पेशीला सावध करणारं प्रोटीन) टिकतच नाही, मग पी53वर चालणारा आरएनए तिथं शोधून काय उपयोग. एचसीटी116 या आतड्याच्या कॅन्सरच्या लाइनची पी53 असलेली आणि नसलेली अशी जोडी मिळते, ती घ्या.

प्रयोग साधा ठेवा. मिरजेत केमोला येणाऱ्या कितीतरी पेशंटना जे डॉक्सोरुबिसिन देतात तेच पेशींना थोडं द्या नाहीतर 2 ग्रे रेडिएशन, आणि गॅमा-एचटूएएक्सचं, म्हणजे डीएनए तुटलेल्या जागी उमटणाऱ्या खुणेचं, स्टेनिंग करा. रेडिएशननंतर अर्ध्या तासात न्यूक्लियसभर हिरवे ठिपके उठतात, 24 तासांनी बहुतेक विझलेले असतात, तुमचा आरएनए काढल्यावर मात्र ते 24 तासांनीही तसेच राहिले तर दुरुस्ती रखडलीय. (डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकतं, तो चॅनल सोडा.) ठिपके मोजताना स्लाइडवरची नावं दुसऱ्याकडून झाकून घ्या, आपल्याला हवं तेच डोळ्याला दिसतं.

कंट्रोल तर हवाच. तासगावचा बागायतदारसुद्धा नवीन औषध मारताना द्राक्षाची एक ओळ तशीच सोडतो, तसा आरएनए काढायला वापरलेल्या एसआयआरएनएसोबत (छोटा आरएनए तुकडा) एक स्क्रॅम्बल्ड, म्हणजे अक्षरं उलटसुलट केलेला, एसआयआरएनए ठेवा, आणि आरएनए परत घालून ठिपके कमी होतात का तेही बघा.

पुण्याला एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी संस्था) किंवा खारघरला अॅक्ट्रेकला (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) मेल करताना हे सगळं एका पानात बसवा, दुसरं पान सहसा कुणी उघडत नाही.