थेरपीत कामाबद्दल काय विचारावं, कसं विचारावं

‘कामाचा ताण आहे का?’ असं मुंबईत विचारलं की ‘तो कुणाला नाही?’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा कालचा दिवस तासातासाने विचारा. गजर किती वाजताचा, लोकलमध्ये बसायला मिळालं का, साहेबांचा पहिला मेसेज कधी आला, डबा उठून खाल्ला की स्क्रीनसमोर, घरी गेल्यावर स्वयंपाक कुणी केला. वीस मिनिटं गेली तरी चालतील. ‘नंतर काय, नेहमीचंच’ म्हणत माणूस जिथे भरभर पुढे जातो, तिथेच त्याला थांबवा.

मग आठवडाभराची नोंद करायला द्या: दर दोन तासांनी काय केलं आणि मन ० ते १० मध्ये कुठे होतं. रात्रपाळीवाल्यांनी दिवस झोपेतून उठल्यावर सुरू करायचा, नाहीतर नोंद अर्धवट तुटते. सुट्टीचे दिवस गाळू देऊ नका, खरी माहिती तिथेच असते. आकडा फक्त रविवारी संध्याकाळी पडत असेल तर सोमवारबद्दल बोला. सुट्टीत, आवडीच्या माणसांतही तो खालीच राहत असेल तर नैराश्य तपासा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर सविस्तर मूल्यमापन हवंच. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे शून्य नसेल तर एकूण गुण कितीही असोत, त्याच सेशनमध्ये विचारा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या.

आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत बर्नआउट हा आजार नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था आहे: थकवा, कामाबद्दल तुटकपणा, हातून काही धड होत नाही ही भावना. ‘बर्नआउटच असणार’ म्हणून नैराश्य नजरेतून सुटतं, हे फार होतं.

तिघांचं काम एकटीवर असेल तर तिला श्वसनाचे व्यायाम शिकवणं म्हणजे दोष तिच्याच माथी मारणं. त्याऐवजी एक वाक्य ठरवा: ‘सर, शुक्रवारपर्यंत दोन्ही होणार नाहीत. आधी कुठलं करू?’ तुम्ही साहेब व्हा आणि मोठ्याने सराव घ्या. दुसऱ्या वेळी मुद्दाम अडवा, कारण ऑफिसात ते वाक्य पहिल्या ‘बघू नंतर’लाच गळपटतं.

सेशनचे पैसे कंपनी देत असेल तर तिला नेमकं काय कळवलं जातं ते पहिल्याच भेटीत सांगा. एचआरला पत्र हवं असल्यास लेखी संमती घ्या, मजकूर आधी त्या व्यक्तीला वाचायला द्या. पत्रात फक्त हवी ती सवलत आणि तिचा कालावधी लिहा. निदान किंवा घरच्या गोष्टी नकोत.