स्पॅनिश शब्द इंग्रजीसारखा दिसला, तरी थांबा

स्पॅनिश शिकताना इंग्रजीच्या भरवशावर राहिलात, तर फजिती ठरलेली. 'एम्बारासादा' म्हणजे एम्बॅरस्ड नव्हे, गरोदर! ओशाळल्यासारखं झालं, तर मेक्सिकोत 'मे दा पेना' म्हणतात. स्पेनमध्ये कुणी आपण 'कोन्स्तिपादो' असल्याचं सांगितलं, तर लगेच इसबगोल काढू नका; बिचाऱ्याला सर्दी झालेली असते. मेट्रो स्टेशनातून बाहेर पडायचं, तर 'सालिदा'ची पाटी शोधा. 'एक्सितो' म्हणजे यश, ते पाटीवर सापडत नाही. 'कार्पेता'वर पाय ठेवू नका, ते कागदपत्रांचं फोल्डर.

असे शब्द वहीत अर्थासकट नव्हे, वाक्यासकट उतरवा: 'एस्तोय कोन्स्तिपादो', मला सर्दी झालीय. बोलणारी बाई असेल, तर 'कोन्स्तिपादा'.