ब्रॉयलरच्या दाण्यात मिनरल किती टाकायचं आणि कसं मिसळायचं

आधीच सांगतो, तुमची पिल्लं कंपनीच्या करारावरची असतील आणि फीड तिथूनच येत असेल तर वरून मिनरल टाकू नका, त्यात सगळं टाकलेलं असतं. हे त्यांच्यासाठी आहे जे मका अन सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) आणून घरीच दाणा बनवतात.

आपल्याकडं सोयाबीन भरपूर म्हणून लोकांना वाटतं की प्रोटीन झालं म्हणजे काम झालं. पण मका-सोयातला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीला तो नीट पचत नाही. म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) लागतं. पहिल्या दोन आठवड्यांच्या दाण्यात कॅल्शियम साधारण ०.९ ते १ टक्का आणि पचणारा फॉस्फरस त्याच्या निम्मा पायजे, म्हणजे २:१.

१०० किलो दाण्याला मी डीसीपी १.७ किलो, चुनखडीची पावडर १.२ किलो, मीठ ३०० ग्रॅम घेतो. हा हिशोब १८ टक्के फॉस्फरसवाल्या डीसीपीचा आहे, तुमच्या गोणीवर वेगळं लिहिलं असेल तर आकडा बदलेल. फायटेट फोडणारं फायटेज एन्झाईम टाकत असाल तर डीसीपी कमी लागतं, किती ते पाकिटावर बघा. झिंक, मँगनीज, सेलेनियमचं पोल्ट्रीचंच प्रीमिक्स (तयार मिश्रण) घ्या, लेबलवर लिहिलं तेवढंच. गाई-म्हशीचं मिनरल मिक्स्चर घरात पडलंय म्हणून टाकू नका, त्याचा हिशोब जनावरांचा असतो.

आता माझा घोळ ऐका. एका लॉटला दाणा संपला, रात्रीची वेळ, शेजारच्याकडून लेयरचा, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचा, दाणा आणला अन तोच चार-पाच दिवस चालवला. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं बाप्पा, अंड्याच्या कवचासाठी! पिल्लं गळाली, पाणी जास्त पिऊ लागली, भुसा ओला. मेलेलं एक फाडलं तर मूत्रपिंडं सुजलेली आणि आत खडूसारखं पांढरं. जास्त कॅल्शियमनं वाढ तर होतच नाही, वरून पिल्लू मरते.

कमी पडलं तरी कळतं. चोच दाबली तर रबरासारखी वाकते, पाय वाकडे, ते कॅल्शियम, फॉस्फरस नाहीतर व्हिटॅमिन डी३ कमी पडल्याचं. टाचेच्या सांध्यातून शीर सरकून एक पाय आडवा जात असेल तर मँगनीजचा संशय घ्या, पण तसं झालेलं पिल्लू मग सुधरत नाही.

मिसळताना प्रीमिक्स सरळ गंजीत टाकलं तर एका घमेल्यात सगळं अन दुसऱ्यात काहीच नाही. आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात हातानं मिसळा, मग ते दहा किलोत, मग ताडपत्रीवर पूर्ण ढिगात, फावड्यानं पाच-सहा वेळा पलटा. ग्रॅमचं काम डिजिटल काट्यावरच, मुठीवर नाही. मिनरल आणि व्हिटॅमिन एकत्र करून महिनाभर ठेवू नका, धातूमुळं व्हिटॅमिन खराब होतात, लागेल तसं मिसळा.

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडं ४५ च्या वर पारा जातो तेव्हा कोंबडी धापा टाकते अन दाणा खात नाही, मग मिनरलही पोटात जात नाही. दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्या, पाण्यात इलेक्ट्रोलाइट द्या.

सातव्या दिवशी वीस पिल्लं पकडून तोला. आणलं तेव्हा ४० ग्रॅमचं असलेलं पिल्लू आता १६० ग्रॅमच्या खाली असेल तर आधी पाणी, ऊब अन जागा तपासा, डीसीपीची गोणी नंतर उघडा.